बुबुळाची सैल वीण

उन्हाळ्यांत अंगणांत बाज टाकून निजण्याची चाल आमच्या वरुडाकडून अजून सर्वस्वीं गेलेली नाहीं. बाज नवी विणलेली असते तेव्हां तिच्यावर दोन माणसें बसलीं तरी ती ताठ राहते. पुढें सुतळी सैल पडते, मधोमध झोळ येतो, आणि एकदां झोळ आला म्हणजे निजणाऱ्याचा सारा भार त्याच जागीं पडून तो दिवसेंदिवस वाढतच जातो. श्रोतेहो, आज ज्या नेत्रविकाराचा व त्यावरील उपायाचा इतिहास मी आपणांस सांगणार आहें, तो विकार असाच विणीचा आहे. मात्र ही वीण अवघ्या अर्ध्या मिलिमीटर जाडीची असून ती आपल्या डोळ्याच्या दर्शनी भागांत आहे.

मी डॉक्टर नव्हे. मॅट्रिक होऊन मास्तरकींत शिरलों आणि वरूड तालुक्यांतच नोकरी संपविली. तेव्हां नभोवाणीवरून नेत्रशास्त्रावर बोलण्याचा अधिकार मला कोणीं दिला, असें कोणी विचारील तर तें योग्यच होईल. अधिकार असा कांहीं नाहीं. एक जुनें ऋण आहे, एवढेंच.

सुमारें १९९५ सालची गोष्ट. सातव्या इयत्तेंत माझ्या वर्गांत एका संत्राबागाईतदाराचा मुलगा होता. अक्षर वळणदार, गणितांत बुद्धि चांगली. एकाएकीं तो फळ्यावरील आंकडे चुकीचे उतरवूं लागला. तिनाचे आठ होऊं लागले. डोळे मिचकावी, मुठीनें खसाखसा चोळी. चष्मा आला, सहा महिन्यांनीं दुसरा आला, पुढें तिसरा. त्याचे वडील एके दिवशीं शाळेंत येऊन मला म्हणाले, "गुरुजी, याचा चष्मा दर सा मयन्यानं बदलते. पोरगं खरं बोलते का सोंग करते, तुमीच पाहा." मीं पाहिलें नाहीं. सोंग आहे असा निवाडा दिला, मुलास पहिल्या बांकावर बसविलें, आणि त्यानंतरहि आंकडे चुकले तेव्हां त्याचा कान पिळला. तो मुलगा कॉलेजांत गेल्यावर मला कळलें कीं, त्याच्या विकारास केरॅटोकोनस असें नांव आहे. तेव्हांपासून या नांवाचा मीं जमेल तसा पाठपुरावा करीत आलों आहें.

डोळ्याच्या पुढच्या अंगास घड्याळाच्या कांचेसारखें जें पारदर्शक आवरण असतें, त्यास शास्त्रीय ग्रंथांत पारपटल म्हणतात. आपण घरीं-दारीं त्यालाहि बुबुळच म्हणतों, आणि 'बुबुळाचें रोपण' हा शब्दप्रयोग तर आतां पक्का रूढ झाला आहे. म्हणून मीहि आज तोच शब्द वापरीन. सुश्रुतानें डोळ्याचीं पांच मंडलें सांगितलीं आहेत, त्यांतील कृष्णमंडलांत याचा समावेश होतो. हें पटल सुमारें साडेअकरा मिलिमीटर रुंद असून मधोमध अर्ध्या मिलिमीटरहून किंचित् जाड असतें. बाहेरचा प्रकाश वांकवून आंत नेण्याचें डोळ्याचें जवळजवळ दोनतृतीयांश काम हेंच करतें. आंतील भिंगाचा वांटा उरलेला. यांत रक्तवाहिनी एकहि नाहीं. कोलॅजन नांवाच्या द्रव्याचे अतिसूक्ष्म तंतु समांतर मांडून एक थर, त्यावर आडव्या तंतूंचा दुसरा थर, असे दोनशेंहून अधिक थर यांत असतात. हे तंतु सारख्या जाडीचे व सारख्या अंतरावर असतात, म्हणूनच पटल पारदर्शक दिसतें, हें डेव्हिड मॉरिस यांनीं १९५७ सालीं दाखविलें. डोळ्याचा पांढरा भागहि कोलॅजनचाच. पण तेथें मांडणी विस्कळित, म्हणून तो पांढरा.

या तंतूंस एकमेकांशीं जखडणारे रासायनिक बंध असतात. ते कमी पडले कीं आंतील द्रवाच्या दाबानें पटल पातळ होऊन पुढें येऊं लागतें आणि त्याची गोलाई जाऊन शंकु बनतो. विकार बहुधा कुमारवयांत सुरू होतो, विशी-पंचविशीपर्यंत जोर करतो आणि पस्तिशी-चाळिशीच्या सुमारास आपोआप मंदावतो. रोग्यास एका दिव्याचे चार दिवे दिसतात, अक्षरास सावल्या फुटतात. पृष्ठभागच वेडावांकडा झाल्यामुळें साध्या चष्म्यानें काम भागत नाहीं. म्हणून चष्मा वारंवार बदलतो.

या विकाराचें पहिलें विस्तृत पुस्तक लिव्हरपूलचे शस्त्रवैद्य जॉन नॉटिंगहॅम यांनीं १८५४ सालीं प्रसिद्ध केलें. केरॅटोकोनस हें नांव १८६९ सालीं स्वित्झर्लंडांतील योहान हॉर्नर यांच्या प्रबंधानें रूढ झालें. पोर्तुगालच्या प्लासिदो यांनीं १८८० मध्यें एक साधी तबकडी केली. तिच्यावर काळ्या-पांढऱ्या वर्तुळांचीं कडीं. मधल्या भोंकांतून वैद्यानें रोग्याच्या डोळ्यांत पाहावें. बुबुळावर पडलेलें कड्यांचें प्रतिबिंब गोल असेल तर बुबुळ निरोगी, अंडाकृति वा खालीं ओघळलेलें असेल तर संशय घ्यावा. आजचीं बुबुळाचा नकाशा काढणारीं अनेक यंत्रें या तबकडीचींच नातवंडें आहेत. आमच्या शाळेंत तसली एक पुठ्ठ्याची तबकडी असती तर! पण असो.

निदान झालें तरी उपाय काय? बर्लिनचे विख्यात नेत्रवैद्य फॉन ग्रेफे शंकूच्या टोकास दाहक औषधानें डागत. व्रण भरतांना कातडी आवळते तद्वत् बुबुळ आवळेल, ही कल्पना. व्रण आवळे खरा, पण त्या जागीं पांढरा डाग राही. १८८८ मध्यें झुरिच येथें आडोल्फ फिक यांनीं डोळ्यावर बसणारी कांचेची वाटी प्रसिद्ध केली. आधीं सशांवर, मग स्वतःवर व मग रोग्यांवर त्यांनीं ती लावून पाहिली. आजच्या कॉन्टॅक्ट लेन्सची ती आजी होय, आणि तिच्या पहिल्या गिऱ्हाइकांत शंकूकार बुबुळाचे रोगीच होते. ७ डिसेंबर १९०५ रोजीं ओलोमोऊत्स या गांवीं, जें आज चेक देशांत आहे, एदुआर्द झिर्म यांनीं चुन्यानें डोळे भाजलेल्या एका मजुरावर दुसऱ्याच्या बुबुळाचें रोपण केलें. दोन डोळ्यांपैकीं एकांत तें टिकलें. मनुष्याच्या बुबुळाचें हें पहिलें यशस्वी रोपण. पुढें १९३० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत कास्त्रोविएहो यांनीं शंकूकार बुबुळावरहि ही शस्त्रक्रिया केली, आणि तिनें असंख्य लोकांस दृष्टि दिली आहे. तथापि दात्याचें बुबुळ मिळावें लागतें, बारीक टांके, महिनोन् महिने औषधें, आणि शरीरानें तें परकें मानण्याचें भय कायमचें मागें राहतें.

यांतील प्रत्येक उपायांत बुबुळाची उणीव बाहेरून भरून काढली आहे. कोणी वर कांच बसविली, कोणी नवें पटल शिवलें. सैल झालेली वीण जागच्या जागीं घट्ट करावी, हें कोणास सुचलें नाहीं असें नव्हे. पण हाताशीं साधन होतें तें उष्णतेचें. हॉलंडच्या लान्स यांनीं १८९८ सालीं सशांच्या बुबुळांना तप्त टोक लावून त्यांची वक्रता बदलते हें दाखविलें. १९७० नंतर अमेरिकेंत शंकूवरच ऊष्ण टोक टेंकवून पाहिलें गेलें. सन २००० च्या सुमारास तर लेसरनें बुबुळाच्या कडेस नेमक्या ठिपक्यांचें कडें डागून जवळचें न दिसणाऱ्यांस चष्म्यांतून सोडविण्याची पद्धति मान्यहि झाली होती. पण तापविलेलें कोलॅजन आकसतें. त्यास नवी गांठ बसत नाहीं. कांहीं महिन्यांत-वर्षांत बुबुळ पुन्हां मूळ वळणावर येई. ती पद्धति मागें पडली.

येथें एक समजूत दुरुस्त केली पाहिजे. लेसर म्हटलें कीं आपल्या लोकांच्या मनांत चष्मा घालविणारा लेसर येतो. लेसर पहिल्यानें चालला १९६० सालीं, मेमन यांच्या हातून. १९८१ मध्यें अमेरिकेंत आय. बी. एम्. कंपनीच्या प्रयोगशाळेंत रंगस्वामी श्रीनिवासन् या भारतांत जन्मलेल्या शास्त्रज्ञानें व त्यांच्या सहकाऱ्यांनीं जंबुपार, म्हणजे अलीकडे ज्यांस अतिनील म्हणतात त्या, किरणांचा लेसर घेऊन सणाच्या मेजवानींतून उरलेल्या टर्की पक्ष्याच्या मांसावर तो चालविला. आजूबाजूस न भाजतां त्यानें नेमका कांप घेतला. १९८३ मध्यें न्यूयॉर्कचे नेत्रवैद्य स्टीव्हन ट्रोकेल यांच्या साहाय्यानें तोच लेसर बुबुळास लागूं पडला, आणि चष्म्याचा नंबर घालविण्याचा मोठा धंदा त्यांतून उभा राहिला. हा लेसर बुबुळ तासतो. तासल्यानें तें पातळ होतें. निरोगी व जाड बुबुळास तें सोसतें. ज्याची वीण आधींच सैल त्यास सोसत नाहीं. लेसरनें तासल्यानंतर बुबुळास शंकु आल्याचें १९९८ मध्यें जर्मन नेत्रवैद्य थिओ झायलर यांनीं प्रसिद्ध केलें. म्हणून घरांतील मुलगी वा मुलगा लग्नाआधीं 'नंबर काढून टाकूं' म्हणून निघाला, तर बुबुळाचा नकाशा काढल्याशिवाय पुढें पाऊल टाकूं देऊं नये. तासणें आणि बळकट करणें हीं परस्परविरुद्ध कामें आहेत, जरी दोहोंस लोक 'लेसर'च म्हणत असले तरी.

तेच झायलर, त्यांचे सहकारी एबरहार्ड श्पर्ल व ग्रेगोर वोलेनझाक, हे ड्रेस्डेन येथें १९९० नंतर बळकट करण्याच्या मागें लागले होते. त्यांच्यापुढें निसर्गानेंच दोन खुणा ठेविल्या होत्या. एक अशी कीं वय वाढतें तसे कोलॅजनमध्यें बंध वाढतात, व विकार मंदावतो. दुसरी अधिक चमत्कारिक: मधुमेह्यांत हा विकार बळावलेला क्वचित् आढळतो, कारण रक्तांतील साखरच तंतूंस जागोजाग चिकटवीत असते. एका वाईट रोगानें दुसऱ्यास आवर घालावा, असा हा प्रकार. मग हे बंध औषधानें घडविले तर? आमच्या वऱ्हाडांत पूर्वीं बाभळीच्या सालींत चामडें कमावीत. तीहि कोलॅजनचे तंतु एकमेकांस जखडण्याचीच क्रिया. पण डोळा कांहीं सालीच्या हौदांत भिजवितां येत नाहीं. पारदर्शकता न बिघडतां, ठरल्या खोलीपर्यंतच, थोडक्या वेळांत काम व्हावयास हवें. दंतवैद्य दांत भरतांना लांबी निळ्या प्रकाशानें कडक करतात, त्यावरून झायलर यांस प्रकाशाची युक्ति सुचली, असें सांगतात.

प्रकाश झेलावयास जें द्रव्य त्यांनीं निवडलें तें आपल्या स्वयंपाकघरांतलें आहे. ताक वा दही निवळलें म्हणजे वर जें पाणी येतें त्यास हिरवट-पिवळी झांक असते. ती झांक ज्या द्रव्याची, तें दुधाच्या पाण्यांत असल्याचें इंग्रज रसायनज्ञ ब्लाइथ यांनीं १८७९ सालीं नमूद केलें. पुढें तें ब-२ जीवनसत्त्व ठरलें, रिबोफ्लेविन असें त्याचें नांव पडलें, आणि १९३५ मध्यें पाउल कारर व रिचर्ड कून यांनीं तें प्रयोगशाळेंत घडविलें. जीवनसत्त्वाची गोळी घेतल्यावर लघवी पिवळी होते ती यामुळेंच. या द्रव्यावर जंबुपार प्रकाश पडला कीं तें भोंवतालच्या प्राणवायूस अतिशय चंचल करतें, आणि तो चंचल प्राणवायु कोलॅजनच्या तंतूंमध्यें नवे बंध जुळवितो. शिवाय प्रकाश स्वतःच शोषून घेऊन तें मागच्या नाजूक पेशींचा व भिंगाचा बचाव करतें. मात्र त्यासाठीं बुबुळाची जाडी निदान ४०० मायक्रॉन असावी लागते.

डुकरांच्या बुबुळांवरील प्रयोग त्यांनीं १९९८ सालीं प्रसिद्ध केले. पुढें मानवी बुबुळांवर मोजतां त्यांचा ताठपणा सुमारें साडेचार पट झाल्याचें आढळलें. २००३ मध्यें २२ रोग्यांच्या २३ डोळ्यांचा वृत्तांत आला: सर्वांत विकाराची वाढ थांबली, आणि १६ डोळ्यांत शंकु सुमारें दोन अंकांनीं सपाटहि झाला. अमेरिकेच्या सरकारी औषधखात्यानें २०१६ सालीं या उपचारास परवानगी दिली; युरोपांत व आपल्या देशांत तो त्याआधींच चालू झाला होता. उपचारानें काय होत नाहीं तेंहि सांगतों. आलेला झोळ पुरता निघत नाहीं, चष्मा सुटत नाहीं, गेलेली दृष्टि परत येत नाहीं. बहुतेकांत वाढ तेवढी थांबते. म्हणून तो लौकर करण्यांतच सारा अर्थ.

ड्रेस्डेनचा दिवा मात्र लेसर नव्हता, व रुग्णालयांतून आजहि साधा जंबुपार दिवाच वापरतात. त्याचा दोष असा कीं तो वखरासारखा सरसकट चालतो. शंकु तर बहुधा बुबुळाच्या मध्याखालीं एका जागीं असतो. घट्ट करावयाची ती तेवढीच जागा. शंकूच्या नकाशाप्रमाणें प्रकाशाचा आकार ठेवण्याची सोय कांहीं यंत्रांत झाली आहे, तरी खोलीवर ताबा राहत नाहीं. येथें लेसर पुन्हां रंगणांत येतो, पण तासणारा म्हणून नव्हे.

माराया गोपर्ट-मायर या विदुषीनें १९३१ सालीं गणितानें असें दाखविलें होतें कीं, प्रकाशाचे दोन दुबळे कण एकाच क्षणीं एकाच अणूवर आदळले तर ते मिळून एका सबळ कणाचें काम करतील. एकट्यानें न हलणारा धोंडा दोघांनीं एकदम हात लावल्यानें हलावा, तसें. अशी गांठ पडावयास प्रकाशाची विलक्षण दाटी हवी. ती लेसरच्या केंद्रबिंदूंतच होते, त्याच्या पुढेंमागें होत नाहीं. डॉना स्ट्रिकलंड व जेरार मुरू यांनीं १९८५ मध्यें अत्यंत अल्पकाळाच्या व प्रखर लेसरझोतांची युक्ति काढली. त्यावर पुढें विकसित झालेल्या यंत्रांत एका झोताचा काळ सेकंदाच्या एक हजार अब्जाव्या भागाच्याहि शतांशांत मोजतात. अशा झोतानें रिबोफ्लेविन बुबुळाच्या हव्या त्या खोलीवर, हव्या त्या रेघेंतच जागृत करण्याचे प्रयोग कॅलिफोर्नियांतील अर्व्हाइन येथें झाले. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत सिनिशा वुकेलिच व त्यांच्या सहकाऱ्यांनीं औषधहि वगळलें: झोतानें बुबुळांतील पाण्यापासूनच चंचल प्राणवायु निर्माण करावा, न भाजतां, न कापतां. त्यांचा निबंध २०१८ मध्यें प्रसिद्ध झाला, आणि योगायोग असा कीं त्याच वर्षीं स्ट्रिकलंड व मुरू यांस नोबेल पारितोषिक मिळालें. हे प्रयोग पशूंच्या डोळ्यांवरचे आहेत. नित्याच्या उपचारांत ही रीति आलेली नाहीं. उतावीळ होऊन कोणी तिची चौकशी करीत हिंडूं नये. उष्णतेच्या लेसरचा अनुभव जमेस धरतां, वर्षानुवर्षें बंध टिकतात कीं नाहीं हें पाहिल्यावांचून नेत्रवैद्यांनीं घाई करूं नये असें माझें मत आहे.

हें सारें ड्रेस्डेन-न्यूयॉर्कचें झालें; आपल्याकडे काय, असें आपण म्हणाल. नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटनें जर्मन संशोधकांसह नागपूरजवळच्या खेड्यांत घरोघरच्या लोकांचे डोळे तपासले. त्यांतील केरॅटोकोनसचा निबंध २००९ सालीं प्रसिद्ध झाला. तिशीवरील ४६६७ लोकांत २.३ टक्के लोकांचीं बुबुळें त्यांनीं ठरविलेल्या मर्यादेपलीकडे वांकलेलीं आढळलीं. अमेरिकेंतील मिनेसोटाच्या १९८६ च्या पाहणींत हें प्रमाण दोन हजारांत एक इतकेंच होतें. दोन्ही ठिकाणचें माप एक नव्हे. नागपूरकडे केवळ वक्रतेची मर्यादा धरली होती, त्यामुळें तो प्रत्येक जण रोगी असेल असें नाहीं. तरीहि मला हा आंकडा वाचून शाळेंतील पट आठवला. विकार क्वचित् असतो म्हणून मास्तरानें त्याचा विचार न करणें, ही सबब मला राहिली नाहीं. डोळे चोळण्याच्या संवयीशीं या विकाराचा निकट संबंध जडलेला आहे, आणि धूळ, ऊन व डोळ्यांची खाज यांचा तोटा वऱ्हाडांत कधींच नव्हता.

माझ्या त्या विद्यार्थ्याच्या एका डोळ्यांत पुढें बुबुळाचें रोपण करावें लागलें. दुसऱ्यावर तो कडक लेन्स लावतो. गेल्या वर्षीं मृग बहाराच्या तोडीच्या दिवसांत तो माझ्याकडे आला. बहिणीचा मुलगा, वय चौदा, त्याचा चष्मा वर्षांत दोनदां बदलला होता. नागपुरास नकाशा काढविला, चार महिन्यांनीं पुन्हां काढविला. खालच्या अंगास शंकु चढत असल्याचें दिसलें. उपचाराच्या दिवशीं मीहि त्यांच्याबरोबर गेलों. बधिर करणारे थेंब घातले, बुबुळावरची पातळ साल हलकेच काढली, मग अर्धा तास पिवळे थेंब आणि पुढें अर्धा तास तो निळसर दिवा. दिवा चालू झाला तेव्हां आम्ही दोघे बाहेर बांकावर बसलों होतों. बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मग तो म्हणाला, "गुरुजी, मले तवा फळ्यावर एका आंकड्याचे तीन-तीन दिसत. तुमाले सांगाचं भेव लागे."

थोड्या वेळानें दार उघडलें. मुलाच्या डोळ्यावर पट्टीसारखी मऊ लेन्स बसविली होती आणि त्यांतून पाणी गळत होतें. डॉक्टरांनीं सहा महिन्यांनीं पुन्हां नकाशा काढावयास सांगितलें, आणि डोळा चोळूं नये म्हणून बजावलें. परतीच्या सबंध वाटेंत वरूड येईपर्यंत मामानें भाच्याचे दोन्ही हात आपल्या हातांत धरून ठेविले होते.